नॅनो केमो फक्त गाठीलाच लागतं, हे खरं काय? (आक्कासाठी विचारालोय)

वखारीतला_भाऊ (निपाणी)

नमस्कार मंडळी. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत लिखापढी करतो. दहावी मराठी शाळेतून, पुढं शिक्षण नाही. समजावून सांगितलं तर समजतंय, पण इंग्रजी नावं आली की डोकं चालत नाही. काही येड्यासारखं विचारलं तर सांभाळून घ्या.

माझी आक्का ५२ वर्षांची. सुपात पान-तंबाखू घेऊन तीस वर्षं बिड्या वळल्या तिनं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, आता केमो चालू हाय. आधी चार वेळा ते लाल रंगाचं औषध दिलं. केस गेले, तोंड आलं, पण आक्कानं निभावलं. मग औषध बदललं, पॅक्लिटॅक्सेल. पहिल्याच सलाइनला दहा मिनिटं झाली नसतील, आक्काचं तोंड लालबुंद. "भाऊ, छातीवर कुणीतरी पाटा-वरवंटा ठेवल्यागत होतंय," म्हणाली. सिस्टरनी पळत येऊन सलाइन बंद केलं, दोन इंजेक्शनं दिली, तासाभरानं थेंब थेंब करून परत चालू केलं. मी बाहेर बाकावर बसून घामाघूम.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एकतर हेच औषध जास्त तयारी करून हळू देऊ, नाहीतर 'नॅनो'चं घ्या, ते महाग पडेल, घरात विचारून सांगा. मागं चाळीसभर माणसं थांबलेली, त्यांना तरी किती विचारायचं? हातात कागद दिले ते कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मी बोलतो धडाधडा, बाजारात दुसरं काय चालतंय, पण असलं वाचायला जमत नाही.

घरी आलो तर पुण्याच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवलेला. सोनेरी गोळा रक्तातून जातो, कॅन्सरची पेशी शोधून काढतो, तिच्यातच औषध सोडतो, बाकीच्या अंगाला धक्का नाही. वर स्कॅनमध्ये गाठ दिव्यासारखी चमकवतो. पॉलिमरचा गोळा म्हणे. पॉलिमर म्हणजे प्लास्टिकच ना? मग ते अंगात राहून जातंय काय?

आक्काच्या दोन पाटल्या हायत. धाकटा म्हणतोय मोडूया. आक्का म्हणते, मोडायच्या असतील तर पोरीच्या लग्नाला मोडा, माझ्यासाठी नको. मंगळवारपर्यंत सांगायचंय. कुणाला खरं माहीत असेल तर सांगा.

डे_केअर_सिस्टर

दादा, केमोच्या वॉर्डात चौदा वर्षं झाली मला. असलं तोंड लाल होणं कितीदा बघितलंय.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रवात विरघळवून येतं, आणि ते क्रेमोफोर बनतं एरंडेलापासून. आक्काला आलेली रिॲक्शन बहुतेक त्या एरंडेलाच्या भावंडाची, औषधाची कमी. म्हणूनच आधी डेक्सा (स्टिरॉइड), ॲव्हिल (ॲलर्जीचं), ॲसिडिटीचं इंजेक्शन असं सगळं देतो. साध्या प्लास्टिकच्या नळीतून ते द्रव नळीतलंच काहीबाही ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी, मध्ये बारीक फिल्टर. पहिली दहा-पंधरा मिनिटं आम्ही खाटेजवळून हलत नाही.

अल्ब्युमिनवाल्या 'नॅनो' पॅक्लिटॅक्सेलमध्ये (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलंच एक प्रथिन) हे क्रेमोफोर नसतं. तीन तासांचं काम साधारण अर्ध्या तासात होतं, आणि एवढी आधीची इंजेक्शनं सहसा लागत नाहीत. पण डोस वेगळा. दोघांचे मिलिग्रॅम एकाला एक लावायचे नाहीत. मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचते, दुसऱ्या सिस्टरकडून एकदा वाचून घेते.

आणि आक्काला माझा निरोप द्या. पाठीत कळ आली, घशात खाज आली, छाती भरली, तर लगेच बोलायचं. आपल्या बायका "उगं कशाला त्रास द्यायचा" म्हणून गप्प बसतात आणि आमचा जीव जातो. साखर असेल तर डेक्साच्या दिवशी ती वाढते, तेही आधी सांगून ठेवा.

पॉलिमरचं मला नाही माहीत. इथं शहापूरकरीण असते, तिला हाक मारा, ती ह्यातच शिकलीय.

शहापूरकरीण

हाक ऐकू आली सिस्टर. भाऊ, मी बेळगावातच एम.फार्म. केलं आणि नंतर पाच वर्षं ह्या नॅनोकणांत घातली. डॉक्टर नाही मी, औषध कुठलं घ्या हे सांगायचा मला अधिकार नाही. कण कसा बनतो, कुठं जातो, कुठं अडकतो, एवढं मात्र हातानं केलंय.

आधी प्लास्टिकचा प्रश्न, कारण तो माझ्या सासूबाईंनीही विचारला होता. पॉलिमर म्हणजे माळ. एकच मणी किंवा दोन-तीन प्रकारचे मणी पुन्हा पुन्हा ओवलेले. भातातलं स्टार्च पॉलिमर, कापूस पॉलिमर, बादलीचं प्लास्टिकही पॉलिमर. औषधाचे कण करायला आम्ही जास्त वापरतो ते पीएलजीए. त्याचा एक मणी लॅक्टिक आम्लाचा, दही ज्यानं आंबट होतं तेच. दुसरा ग्लायकोलिक आम्लाचा, तुमच्याकडच्या उसातही ते थोडंफार असतं. अंगातल्या पाण्यानं ही माळ हळूहळू तुटते आणि शेवटी श्वासावाटे आणि पाणी होऊन निघून जाते. आक्काच्या ऑपरेशनात आतले टाके काढावे लागले नसतील, ते 'विरघळणारे' असतील, तर बहुधा ह्याच घराण्यातला धागा होता. तेव्हा प्लास्टिक साठून राहण्याची भीती सोडा.

कण करायला अवघड काही नाही. पीएलजीए आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवायचं आणि फिरत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. ॲसिटोन पाण्यात पळतं, माळा पाण्याला घाबरून एकमेकींत गुंडाळतात, औषध आत अडकतं. पॅक्लिटॅक्सेल परवडायचं नाही म्हणून मी दोन वर्षं हळदीतल्या कर्क्युमिनवर हात बसवला. ॲप्रन पिवळा, नखं पिवळी, मैत्रिणी विचारायच्या कुणाची हळद लागली म्हणून. रिकामे कण नीट झाले की पाणी ढगाळ होतं आणि कडेला निळसर झाक मारतं, पातळ ताकाच्या कडेला दिसते तशी. ती झाक दिसली की मशीन न लावताच कळायचं, आकार दोनशे नॅनोमीटरच्या आत आलाय. एका रात्री ढवळायचं मशीन चालू असताना लाईट गेली आणि सकाळी तळाला दहीच बसलेलं. तीन आठवड्यांचं पॉलिमर गेलं. असो.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगते, केसाच्या जाडीवर असे पाच-सहाशे कण ओळीनं बसतील.

आता तुमच्या भाच्याचा व्हिडिओ. भाऊ, तो आपल्या बेळगावचा माल आहे, पण खाण्याचे मांडे नव्हेत, मनातले. कणाला पाय नाहीत, डोळे नाहीत, सुकाणू नाही. रक्त नेईल तिकडं तो जातो. गाठीत तो का साठतो, ह्याचं कारण जपानात कुमामोतोच्या हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा ह्यांनी १९८६ मध्ये मांडलं. गाठ घाईनं वाढते, तिच्या रक्तवाहिन्या घाईत बांधलेल्या पाटासारख्या फटी असलेल्या. हिडकल धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे सांगायला नको. कच्च्या बांधाचा पाट वाटेत गळतो आणि त्या गळतीवर कडेचं गवत माजतं. चांगल्या शरीरातल्या वाहिन्या पक्क्या, कण बाहेर पडत नाही. गाठीत मात्र फटींतून बाहेर पडतो, आणि तिथला निचरा तुंबलेला असल्यामुळं मागंही फिरत नाही. कल्पना सुंदर आहे, उंदरात दिसतेही छान. पण उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगवलेली असते, माणसाची वर्षानुवर्षं वाढलेली. एकाची गळते, दुसऱ्याची नाही. एकाच माणसाच्या दोन गाठीसुद्धा सारख्या गळत नाहीत.

त्यात मध्ये नाका लागतो. कोरोनात २०२१ ला सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद नसेल तर गाडी कशी मागं फिरवत होते, तुम्ही निपाणीचे, तुम्ही बघितलंय. शरीरातला कोगनोळी नाका म्हणजे यकृत आणि प्लीहा. परका कण रक्तात आला की रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात, त्या खुणेवर यकृतातल्या पेशी त्याला उचलून गिळतात. अगदी बारीक असेल, पाच-सहा नॅनोमीटरच्या आतला, तर मूत्रपिंडातून गळून जातो. फार मोठा असेल तर प्लीहेत अडकतो. म्हणून आम्ही कणावर पीईजी नावाच्या माळेचे केस उगवतो. पाणी धरून ठेवणारे ते केस प्रथिनांना चिकटू देत नाहीत, आणि नाक्यावरून जरा उशिरापर्यंत सुटका होते. उशिरापर्यंत म्हणतेय, कायमची नव्हे.

शेवटी किती पोचतं? २०१६ मध्ये टोरोंटोच्या एका गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यांक (सगळे आकडे ओळीनं लावले की मधोमध येतो तो) निघाला ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. मी तेव्हा प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहीत होते. तो आकडा वाचून दोन दिवस लॅबमध्ये गेले नाही.

"मग पेशी ओळखणारी चिठ्ठी लावली तर?" हा पुढचा प्रश्न असतोच. लावतात, फॉलिक आम्ल किंवा अँटिबॉडी. पण चिठ्ठी म्हणजे दारावरच्या नंबराची ओळख. गल्लीपर्यंत आणायचं काम ती करत नाही. गल्लीत आल्यावर घर ओळखून आत शिरायला मदत करते, एवढंच. प्रोस्टेटच्या कॅन्सरची खूण ओळखणारा, डोसिटॅक्सेलचा (पॅक्लिटॅक्सेलच्याच जातीचं औषध) एक पॉलिमर कण, बाइंड-०१४, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेला होता. त्याची कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

आता तुमच्या कामाचं. 'नॅनो' हे आडनाव आहे, त्या घरात बरेच भाऊ आहेत. अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. त्याचा कण सुमारे १३० नॅनोमीटरचा, पण तो माझ्या पीएलजीएसारखा नव्हे, रक्तातल्याच एका प्रथिनाचा. रक्तात गेल्यावर तो लवकर फुटून छोट्या तुकड्यांत वाटला जातो. खऱ्या पॉलिमरच्या कणातलं पॅक्लिटॅक्सेल कोरियात आलं, आपल्याकडंही २००७ च्या सुमाराला डाबर फार्मानं नॅनोक्सेल आणलं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारा: कुठलं नॅनो? नाव चिठ्ठीवर लिहून द्या.

दुसरा प्रश्न: का? आक्काला रिॲक्शन आली म्हणून, का ते जास्त गुणकारी म्हणून? दोन्ही कारणं वेगळी आहेत. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवर साडेचारशेच्या वर बायकांची चाचणी २००५ मध्ये छापून आली. तिच्यात अल्ब्युमिनवाल्यानं गाठ लहान झाली ३३ टक्के बायकांत, साध्यानं १९ टक्के. ऐकायला भारी. पण त्यात हातापायाला मुंग्या येण्याचा त्रास जास्त निघाला. नंतर दर आठवड्याला दिलेल्या साध्या पॅक्लिटॅक्सेलशी तुलना झाली, तेव्हा अल्ब्युमिनवालं सरस ठरलं नाही. ऑपरेशनआधी देण्याच्या एका जर्मन चाचणीत मात्र ते पुढं होतं. म्हणजे सरळ उत्तर नाही. पण क्रेमोफोर सोसत नसेल, तर क्रेमोफोर नसलेलं औषध हे कारण सरळ आहे. त्यासाठी सोनेरी गोळ्याची गोष्ट लागतच नाही.

स्कॅनचं नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

येळ्ळूर_मास्तर

शहापूरकरीण ताई, लिहिलंय झकास. पण मी गणिताचा मास्तर, ०.७ वर माझी पेन्सिल थांबली. शंभरातले नव्याण्णव जर गाठीबाहेर जात असतील, तर हा सगळा उद्योग कशाला? सरकारचा पैसा, तुमची पाच वर्षं, रुग्णाच्या पाटल्या. साधंच द्यावं की औषध.

शहापूरकरीण

मास्तर, हा प्रश्न माझ्या गाईडनी विचारला असता तर प्रबंध दोन वर्षं आधी झाला असता.

साधं औषध तरी कुठं गाठीत पोचतं? तेही सगळ्या अंगात फिरतं आणि त्यातलं अगदी थोडं गाठीला लागतं. म्हणून नुसतं गाठीत किती गेलं हे बघून भागत नाही, बाकीचं कुठं गेलं हेही बघायला लागतं. आक्काला आधी मिळालं ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाला जड. १९९५ मध्ये अमेरिकेत ते चरबीच्या फुग्यात भरून आणलं, डॉक्सिल नावानं. पीईजीचे केस लावलेला तो फुगा हृदयाच्या पक्क्या वाहिन्यांतून बाहेर पडत नाही, त्यामुळं हृदयाचा त्रास कमी झाला. आयुष्य वाढलं म्हणून नव्हे, झळ कमी झाली म्हणून तो टिकला. फुकट काही नसतं, तळहात-तळपाय सोलवटण्याचा नवा त्रास त्यानं आणला. आणि अभिमानाची गोष्ट सांगू? अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी भारतातून सन फार्माचं लिपोडॉक्स मागवायला परवानगी दिली.

म्हणजे ह्या कणांचं आजवरचं यश बरंचसं असं आहे: न विरघळणारं औषध विरघळवणं, एरंडेल टाळणं, हृदय वाचवणं. नेम धरून मारणं अजून मांड्यांतच. मला ह्यात कमीपणा वाटत नाही. वाटतो तो व्हिडिओ करणाऱ्यांना.

रसवंती_लॅब (संकेश्वर बाजू)

मध्येच तोंड घालतो. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. वर कुणीतरी साखरेच्या माळा म्हणालं म्हणून आठवलं (नाही म्हणालं का? मग मीच म्हणतो). डेक्स्ट्रान नावाचं पॉलिमर औषधाच्या कणांना वापरतात असं ऐकलंय. आमच्याकडं तो शत्रू आहे. ऊस तोडून दोन-चार दिवस फडात किंवा गाडीत तापत पडला, की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू माजतात आणि साखर खाऊन डेक्स्ट्रान करतात. रस बुळबुळीत, गाळण तुंबतं, साखरेचा दाणा लांबट सुईसारखा येतो. सीझनला ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली, की आम्ही ह्याच्या नावानं खडे फोडतो. तेच हे काय?

शहापूरकरीण

तेच हो! आणि ते तुम्हीच आधी लिहिलंत हे बरं झालं, स्कॅनचं सांगायला मला हाच धागा हवा होता.

भाऊ, आक्काच्या ऑपरेशनच्या वेळी छातीत निळा डाय किंवा किरणोत्सर्गी औषध टोचून काखेतली पहिली ग्रंथी शोधली होती का, फाइल बघा. गाठीतून निघालेली कॅन्सरची पेशी लसिकेतून आधी ज्या ग्रंथीत जाते ती 'पहारेकरी ग्रंथी'. ती सापडली आणि स्वच्छ निघाली, तर अख्खी काख साफ करायला लागत नाही, हात सुजायचा धोका कमी होतो. ही ग्रंथी शोधायला २०१३ मध्ये अमेरिकेत टिल्मनोसेप्ट मंजूर झालं. त्याचा कणा म्हणजे रसवंतीवाल्यांचा हाच डेक्स्ट्रान. त्याला मॅनोज साखरेच्या चिठ्ठ्या, आणि टेक्नेशियम ही किरणोत्सर्गी खूण धरून ठेवणारे चिमटे. आकार साधारण ७ नॅनोमीटर, त्यामुळं टोचल्या जागेवरून पटकन निघतो. ग्रंथीतल्या पेशींवर मॅनोज ओळखणारं कुलूप असतं, तिथं तो बसतो. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी फारसं उरत नाही.

इथं चिठ्ठी चालते, कारण वाट छोटी आहे. छातीपासून काखेपर्यंत, मध्ये कोगनोळी नाका नाही. मघाशी मी चिठ्ठीला नावं ठेवली ती रक्तातून सगळं अंग फिरून यायच्या प्रवासासाठी.

व्हिडिओतला 'दिव्यासारखा' उजेड मात्र विसरा. रंगाचा प्रकाश अंगातून फार खोलवरून बाहेर येत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर, जखम उघडी असताना तो कामाचा. बाहेरून बघायचं तर किरणोत्सर्गी खूण किंवा एमआरआयला दिसणारं लोखंड लागतं. आणि आक्काचा पेट-सीटी झाला असेल तर त्यात नॅनो काही नव्हतं, किरणोत्सर्गी खूण लावलेली ग्लुकोज होती. भुकेली गाठ ती जास्त ओढते.

ह्यात मला स्वतःला आवडणारी एक गोष्ट आहे. फेरुमॉक्सिटॉल नावाचे लोखंडाचे कण आहेत, त्यांनाही साखरेच्या माळेचं आवरण. अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झाले ते मूत्रपिंडाच्या रुग्णांतल्या ॲनिमियासाठी. पण ते एमआरआयमध्ये दिसतात. काही डॉक्टरांनी आधी हे टोचलं, कुणाच्या गाठीत किती साठतं ते बघितलं, मग नॅनो-फुग्यातलं केमो दिलं. ज्यांच्या गाठीत जास्त साठलं, त्यांच्या गाठी जास्त आक्रसल्या. छोटी चाचणी होती. पण मास्तरांच्या ०.७ ला खरं उत्तर ह्या वाटेनं मिळेल असं मला वाटतं. सगळ्यांना सरसकट द्यायचं नाही, आधी बघायचं कुणाचा पाट गळतोय. आपल्या गावातल्या दवाखान्यात हे आज मिळत नाही, मागायला जाऊ नका.

येळ्ळूर_मास्तर

पटलं. पेन्सिल खाली ठेवली.

भाऊ, पाटल्यांना हात लावण्याआधी योजनेच्या खिडकीवर जा. कर्नाटकाची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक आहे. शिवाय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन सरकारांत जुंपलीही होती. यादीत तुमचं नाव-गाव बसतंय का आणि कुठल्या दवाखान्यात चालतंय, ते कोल्हापूर बाजूच्या आरोग्यमित्राला विचारा. साधं औषध योजनेत बसून नॅनो बसत नाही असंही होऊ शकतं, म्हणून औषधाचं नाव घेऊनच जा. दोन राज्यं आपल्यासाठी भांडतात म्हणे, भांडू देत. कागद मात्र दोन्हीकडचे तयार ठेवायचे.

डे_केअर_सिस्टर

आणि कन्नड-इंग्रजी कागद कळला नाही, तर सही करायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरला वाचून मागा. लाजायचं नाही. आमच्यातल्या निम्म्या मराठी बोलतात.

वखारीतला_भाऊ (निपाणी)

मंडळी, मंगळवार होऊन गेला. सगळ्यांना सांगायला उशीर झाला, वखारीत माल आला होता.

शहापूरकरीण ताईंचे दोन प्रश्न चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून नेले. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "हे कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं, आमच्यातल्या एक बाई हायत. मग त्यांनी पाच मिनिटं दिली. कारण रिॲक्शनचंच म्हणाले. जास्त गुण येईल असं मी म्हणत नाही, पण परत तसं झालं तर औषध अर्धवट राहील, ते मला नको, असं म्हणाले. अल्ब्युमिनवालंच. भारतीय कंपनीचं घेतलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्या मानानं बरंच स्वस्तात पडलं. योजनेच्या खिडकीवर अजून 'उद्या या' चाललंय. दोनपैकी एक पाटली गेली. आक्कानं स्वतःच काढून दिली, धाकट्याला म्हणाली, दुसरीला हात लावलास तर बघ.

सलाइनला काही झालं नाही. अर्ध्या तासात संपलं. मी चहा आणायला गेलो होतो, येईपर्यंत नळी काढून मोकळी. आक्का म्हणाली, एवढंच? मला वाटलं अजून चालू व्हायचंय.

एक विचारायचं राहिलं. बोटाच्या टोकाला मुंग्या येतात म्हणते, जरा बधिर. बिडीचा दोरा धरायला गेली तर सुटतोय म्हणे. (धरायला कुणी सांगितलं होतं, पण ऐकतंय कोण.) हे सांगायचं काय डॉक्टरांना?

डे_केअर_सिस्टर

सांगायचंच, पुढच्या सलाइनची वाट न बघता. शर्टाची गुंडी लावता येते का, चप्पल पायातून निसटते का, ते बघून ठेवा. डॉक्टर तेच विचारतील, आणि त्यावर डोस कमी करायचा का थांबायचं ते ठरवतील. गरम तव्याला, उकळत्या पाण्याला हात लावू देऊ नका, चटका बसलेला कळत नाही.

वखारीतला_भाऊ (निपाणी)

उद्याच फोन करतो. आणि ताई, आक्कानं तुमच्यासाठी एक प्रश्न ठेवलाय. आधीचं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं, हे दुधासारखं पांढरं कसं?

शहापूरकरीण

आक्काचे डोळे लॅबमधले आहेत! आधीच्यात औषध पुरतं विरघळलेलं होतं, उजेड आरपार जायचा. ह्यात ते विरघळलेलं नाही, बारीक कण होऊन तरंगतंय, आणि ते उजेड इकडंतिकडं फेकतात. दूध पांढरं दिसतं ते ह्याच कारणानं, त्यात चरबीचे आणि प्रथिनांचे कण तरंगतात. म्हणून सिस्टर ती बाटली जोरात हलवत नाहीत, हळूच फिरवतात, नाहीतर फेस येतो.

वखारीतला_भाऊ (निपाणी)

वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, दूधच असेल तर पुढच्या वेळी साखर घालून द्यायला सांग, संकेश्वरच्या त्या भाऊकडं हाय म्हणे.